कोरडा सदरा

रेणू, इकडं ये, माझ्याजवळ बस अशी. कागदावरून म्हणतेय म्हणून काय झालं, तू बसलीस असं धरून चालते. आधी थोडं रागावणार आहे, मग दुसरं सांगेन. परवा फोनवर तू एसीचंच रडगाणं लावलंस. वसईची हवा चिकट, त्यात एसी बंद पडला, वाट बघून बघून एक माणूस आला, त्यानं मशीन खोललं आणि म्हणाला, खाऱ्या हवेनं आतली नळी खाल्ली, दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवीनच घ्या. सगळं ऐकून घेतलं मी. मग विचारलं, त्याचं नाव काय गं? तर म्हणालीस, "आजी, एसीवाला होता, नाव कोण विचारतं?" पाणी तरी दिलंस का म्हटलं, तर विषयच बदललास. तुझ्या घराला वारा द्यायला आलेला माणूस, चार जिने चढून आलेला, आणि त्याला घोटभर पाणी नाही? शिकलीस खूप बाई तू, पण हे कुठं शिकलीस?

फोन ठेवला आणि मला अंबादास मिस्तरी आठवला. तेव्हापासून मनातून जाईनाच, म्हणून ही वही काढून बसले.

अंबादास मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा. म्हणजे जिच्यावरून तुझं नाव ठेवलं त्या देवीच्या गावचा. पोरवयातच घर सोडून समुद्राकाठी गेला, तिथं एसीचं काम शिकला, दहा-बारा वर्षं तेच केलं. आणि मग एकदम सगळं गुंडाळून आमच्या जुन्या जालन्यात आला अन् कूलरचा मिस्तरी झाला. का आला, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. मलाही फार उशिरा कळलं. पण तुला आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं नीट समजायचं नाही. त्याची बायको चंद्रकला. तिची छाती कमजोर होती, दमाच होता तो, आणि ओली हवा तिला बिलकुल सोसत नसे. समुद्राकाठच्या हवेत ती दरसाल मरता मरता वाचायची. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, हिला जगवायची असेल तर कोरड्या मुलखात घेऊन जा. म्हणून तो चांगलं चालतं काम सोडून आपल्या कोरड्या मुलखात परतला. आणि इथं पोटाला काम मिळालं ते कसलं, तर लोकांच्या घरात ओली हवा सोडायचं. एसी तेव्हा जालन्यात होतेच किती? कूलर मात्र घराघरात यायला लागले होते. नशीब बघ कसं असतं माणसाचं.

जालना जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गल्लीतला पहिला कूलर आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी आणला. कपाटाएवढा पत्र्याचा डब्बा, हिरवा रंग, तीन बाजूंनी गवत भरलेल्या जाळ्या. अण्णांची धान्याची आडत होती, बैठकीत दिवसभर माणसांचा राबता, तर कूलर बसला बैठकीच्या खिडकीत. आणि गार हवा फुकट बाहेर जाऊ नये म्हणून अण्णांनी बाकीच्या खिडक्या लावल्या, आतलं दार लावलं, दाराच्या फटीत पोत्याचं फडकं कोंबलं. दोन दिवसांत बैठकीचं काय झालं विचारू नकोस. गादी ओलसर, कपड्यांना कुबट वास, डब्यातले पापड लोळागोळा. एक पाहुणे म्हणालेसुद्धा, अण्णा, तुमच्या बैठकीत आलं की न्हाणीत आल्यासारखं वाटतं. अण्णा असे तापले! दुकानदारानं फसवलं म्हणाले, बोलवा त्या नव्या मिस्तरीला.

अंबादास आला. उंच, हडकुळा, बोलताना थोडा पुढं वाकणारा माणूस. बोटांची टोकं कायम भिजून पांढरी पडलेली, धुणं धुणाऱ्या बाईची असतात तशी. त्यानं कूलरकडं पाहिलंसुद्धा नाही. खोलीच्या मधोमध उभा राहून तळहात हवेत धरला, जसं आपण तवा तापलाय का बघतो तसा. आणि सरळ जाऊन एकेक खिडकी उघडायला लागला.

"मिस्तरी, गार हवा बाहेर घालवून राह्यले का?" अण्णा ओरडले.

"अण्णा, आतलीला जायाला वाट न्हाई दिली तर बाहेरची यील कशी? आपल्याकडची हवा उपाशी असती. पाणी दिसलं की पिती अन् गार होती. तुम्ही पिऊन तट्ट झालेलीलाच कोंडून ठेवलं, मंग ती काय करंल?"

अण्णांना हे पटलं असावं, कारण त्यांनी स्वतः उठून फटीतलं पोत्याचं फडकं ओढून काढलं.

मग तो पाणी मागायला स्वैपाकघराच्या दाराशी आला. मी चुलीपुढं. एप्रिलातली दुपार, वर पत्रा, पदर पार भिजून अंगाला चिकटलेला. कोपऱ्यात कळशा मांडलेल्या. जालन्यातलं पाणी तुला ठाऊक आहे, तेव्हा तर हापशावर तासतास उभं राहावं लागे. पाणी पिता पिता त्यानं विचारलं, कूलरमध्ये पाणी कोण टाकतं? मी म्हटलं, मीच, दिवसाला सहा कळशा. चुलीच्या वर एक छोटी खिडकी होती, वर्षानुवर्षं गंजून बसलेली. पान्ह्याच्या मुठीनं दोन ठोके देऊन ती त्यानं उघडली, धुळीनं माझी भाजी भरली, आणि बैठकीत जाऊन अण्णांना सांगितलं की बाकी खिडक्या लावा खुशाल, पण आतलं दार आणि ही चुलीवरची खिडकी कायम उघडी पाहिजे, नाहीतर मोटर जळेल.

मोटर जळेल म्हटल्यावर अण्णांनी हायच खाल्ली. त्या दिवसापासून ते जाईपर्यंत दर उन्हाळ्यात, दर दुपारी, बैठकीतून त्यांची हाक यायची, "सूनबाई, खिडकी उघडी आहे ना?" आणि वारा बैठकीतून निघून आतल्या दारानं सरळ माझ्या मानेवरून चुलीवरच्या खिडकीतून बाहेर जायचा. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती मला. त्या स्वैपाकघरात मानेला वारा लागला तो पहिल्यांदा.

पुढच्या साली मी त्याला हळूच विचारलं, मिस्तरी, खिडकी बंद राहिली तर खरंच मोटर जळते? तर गवत भरता भरता, वर न बघता म्हणाला, "मोटर कशाला जळतीय वहिनी? पण पाणी भरणारं एक अन् वारा खाणारं दुसरं, हे काही बराबर न्हाई."

असं त्यानं आणखी किती घरांत केलं, देव जाणे. आम्ही बायका हापशावर बोलायचो तेव्हा कळायचं. कुणाच्या घरी सांगितलं, हवेचा झोत बाळंतिणीच्या खोलीकडून गेला तरच पंख्याचे बेअरिंग टिकतात. कुणाला सांगितलं, कूलरचं तोंड आजीच्या खाटेकडं न केलं तर गवत सडतं. घरातले कर्ते पुरुष त्याला फार हुशार मिस्तरी समजायचे. बायका त्याला दुसऱ्याच कारणानं हुशार समजायच्या आणि कुणी कुणाला सांगायचं नाही.

त्याची एक रीतच होती. शिमगा झाला की दुसऱ्या दिवसापासून तो गल्लीत फिरायचा. माळ्यावरचा कूलर खाली काढायचा, वर्षाचा गंज खरडायचा, जुनं गवत उपसून नवं भरायचा. मोटर चालू करून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिला लावायचा आणि मूठ कानाशी धरून डोळे मिटून ऐकायचा, वैद्य नाडी बघतो तसा. मग घरातल्या ज्या बाईकडं पाणी भरायचं काम, तिला बोलवायचा आणि नव्या गवतावर पहिला तांब्या तिच्या हातानं ओतायला लावायचा. मालकिणीच्या नाही, पाणी भरणारीच्या. आमच्या शेजारी एका घरी ती धुणीभांडीवाली होती, तर तिलाच बोलावलं, आणि मालकीणबाईंचं तोंड एवढंसं झालं. तो म्हणाला, रीतच आहे, नाहीतर कूलरला लाभत नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा सदरा. आज मला सगळ्यात जास्त आठवतो तो तोच. दिवसभर पाण्यात काम, सदरा भिजून चिंब. पण शेवटच्या घरचं काम झालं की तो आमच्याकडं यायचा, दारामागं जाऊन ओला सदरा काढायचा, अंग खसाखसा पुसायचा आणि खांद्याच्या मेणकापडी पिशवीतून धुतलेला, घडीचा, कोरडा सदरा काढून घालायचा. ओला सदरा तो कधी घरी नेत नसे. आमच्या तारेवर वाळत टाकायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन जायचा. मी पाठ करून उभी राहायची तोवर. सगळी गल्ली चिडवायची. पानवाला तर रोज म्हणायचा, "निघाला नवरदेव. मिस्तरी, वरात कुठं चालली?" अंबादास हसून म्हणायचा, "घरीच. सासरवाडी घरातच हाय आपली." मलाही वाटायचं, माणूस छानछोकी आहे थोडा. ओल्या गवताचा वास घरात नेला तरी चंद्रकलेला खोकल्याची उबळ यायची, हे कुणाला ठाऊक होतं तेव्हा?

आणखी एक. तो कूलर दुरुस्त करायचा पण कूलरसमोर कधी बसला नाही. चहा बाजूला, जिन्यात उभ्यानं प्यायचा.

चंद्रकला गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या एका खोलीत राहायची. मूलबाळ नव्हतं. गोरटेली, ठेंगणी, दोन वाक्यांमध्ये एक श्वास जास्तीचा घेणारी. संक्रांतीला यायची, भोंडल्याला यायची, चैत्रात मात्र कधी नाही. शिवण शिवायची घरी. आम्हाला वाटायचं, जरा शिष्ट आहे.

त्यांच्या खोलीत भिंतीशी एक मोठा लोखंडी सांगाडा होता, चादरीखाली झाकलेला. एका बियाण्याच्या हापिसातून भंगारात निघालेला, खिडकीत बसवायचा एसी. आतलं सगळं मेलेलं. तो अंबादासनं उचलून आणला होता आणि जमेल तसा जिवंत करत होता. एका साली तांब्याची नळी, दुसऱ्या साली पंखा, कॉम्प्रेसर कुठून कुठून शोधून आणला. तुझे आजोबा एकदा त्याच्याकडं गेले होते, त्यांनी विचारलं, इतक्या हौसेनं कुणासाठी चाललंय? तर म्हणाला, एक गिऱ्हाईक हाय, फार दिवसांपासून थांबलंय. एसीची हवा गार असते आणि कोरडीही असते, हे तुला सांगायला नको. आपला उन्हाळा त्या पत्र्याखाली तिला भाजून काढायचा, कूलर तिला चालायचा नाही, म्हणून हे मशीन. पण बाहेर कुणाला पत्ता नाही. का, ते पुढं येतंच.

आता ते सांगते जे मी तुझ्या आईलाही धड सांगितलं नाही.

नव्वदीच्या पुढचं साल. अण्णा थकले होते, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या होत्या, घर माझ्या हातात. चैत्रगौर बसवली. केदारखेड्याला माझ्या माहेरी आमच्यात ही रीत नव्हती, सासरी आल्यावर शिकले, आणि शिकलेल्या माणसाला हौस जास्त. पुरुषांना आडतीवर पिटाळलं, बैठक झाडून घेतली, गौरीला पाळण्यात बसवलं, कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. गल्लीतल्या सगळ्या जणी बोलावल्या आणि चंद्रकलेकडं स्वतः गेले. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "दर चैत्रात काहीतरी सांगतेस. आमच्याकडचं हळदीकुंकू चालत नाही का तुला? आलीस नाहीस तर मीही तुझ्याकडं पाऊल टाकणार नाही." अंबादास असता तर काहीतरी बोलून त्यानं मला परतवलं असतं. पण तो केदारखेड्याला गेला होता, माझ्या भावाच्या घरी कूलर बसवायला. मीच धाडलं होतं.

ती आली. हिरवं लुगडं नेसून, गजरा घालून. आता गौरीला पाहुणी पहिल्यांदा आली, तीही मिस्तरीची बायको, ज्याच्यामुळं सगळ्या गल्लीला वारा मिळाला, तर तिला बसवायचं कुठं? मानाच्या जागी. आणि उन्हाळ्यात आमच्याकडं मानाची जागा एकच, कूलरसमोरची. मी तिचा हात धरला आणि तिला बरोबर झोतासमोर पाटावर बसवलं. ती म्हणाली, मी इथं दाराशीच बसते वहिनी. मी म्हटलं, गप्प बस, आज तू आमची गौर आहेस. वर आणखी मोटर जोरात केली.

तिनं डोळे मिटले, रेणू. ते मला अजून दिसतं. पदर मागं उडतोय, गजऱ्याची फुलं हलतायत, आणि ती डोळे मिटून बसली, जशी काही फार दिवसांची तहानलेली. बायकांनी नाव घ्यायचा आग्रह केला. ती हसली आणि घेतलं,

"कैरीच्या डाळीवर कोथिंबीर हिरवीगार,
अंबादासरावांच्या हातचा वारा थंडगार."

काय हसलो आम्ही. पुन्हा घे म्हटलं, तिनं पुन्हा घेतलं. दोन तास बसली तिथं. जाताना दोनदा खोकली. मला वाटलं, पन्हं आंबट झालं असेल.

पुढं चार-पाच दिवस अंबादास गल्लीत दिसला नाही. चैत्रातले दिवस, लोकांचे कूलर अडलेले, लोक नाव ठेवायला लागले. मी डाळीचा डबा घेऊन त्यांच्याकडं गेले. गेले ते दारातच थांबले. चंद्रकला वळकटीला टेकून बसली होती, आडवं पडता येत नव्हतं तिला. छातीतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज येत होता. अंबादास भिंतीशी त्या मशीनमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसला होता. माझ्याकडं बघून नुसता मान हलवून पुन्हा कामाला लागला. त्याच्या पाठीवरचा सदरा कोरडा होता, आणि मला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. चैत्र, दाराशी बसते म्हणणं, नवरदेवाची वरात, सगळं.

मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं माझा हात धरला. एकेक शब्दाला थांबत बोलली.

"तुम्ही बसवलं... पण मला उठता येत होतं की वहिनी. मी उठले न्हाई. बारा वर्षं ह्यांचा वारा सगळ्यांनी घेतला. म्हणलं, एक डाव आपण बी घ्यावा."

मशीन सुरू व्हायला वैशाख उजाडला. खिडकी मोठी करून त्यानं ते भिंतीत बसवलं, बटण दाबलं, मशीन एकदा हुंदकल्यासारखं हललं आणि बंद. व्होल्टेज पुरत नव्हतं. सगळ्या गल्लीचे कूलर दुपारी चालू, दिवे समईसारखे मिणमिणायचे, मशीन काय उठणार? तो खांबापासून खोलीपर्यंत चारदा जाऊन आला. त्याला एकच मागायचं होतं आणि तेच त्याला मागता येत नव्हतं. ज्या घरांत चालू केले त्याच घरांत जाऊन, बंद करा, कसं म्हणणार?

मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. खिडकीची गोष्ट सोडून सगळं सांगितलं. अण्णा तेव्हा ऐंशीच्या घरात, उघड्या अंगानं कूलरसमोर पडलेले. ऐकता ऐकता उठून बसले. मग म्हणाले, "बंद कर हा. अन् माझा ताडाचा पंखा कुठंय बघ." आणि काठी टेकत, भर उन्हात, घरोघर गेले. काय बोलले मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी बारा ते चार आमच्या गल्लीत एकही कूलर चालला नाही. चाळीस दिवस, रेणू. बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन. पोरं पायऱ्यांवर ओली फडकी डोक्याला बांधून बसायची, अण्णा पंखा हलवत बसायचे, पानवाल्यानंही बाटल्यांचा फ्रीज बंद ठेवला. आणि गल्लीच्या टोकाला त्या एकाच खोलीतून मशीनचा घरघर आवाज यायचा. तो बंद नाही ना पडला, हे सगळे कान देऊन ऐकायचे. कुणाचं लेकरू रडलं तर त्याची आई म्हणायची, चूप, ऐकू येऊ दे.

चंद्रकला सुधारली. पाठ टेकून झोपायला लागली. ज्येष्ठात एकदा दारापर्यंत आली आणि हात हलवून हसली. अंबादास पुन्हा कामावर यायला लागला, तसाच कोरडा सदरा घेऊन. आम्हाला वाटलं, जिंकलो.

मग पावसाळा लागला. कूलर आपोआप बंद झाले, पण हवाच ओली झाली. त्यात तारा तुटून तीन दिवस गल्लीत वीज नव्हती. लोकांच्या घरची बटणं बंद करता येत होती, पावसाच्या हवेला बटण नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मी कुंकू लावलं तिला. त्या हिरव्या लुगड्यातच नेली.

पुढचे आठ-नऊ महिने अंबादास कसा राहिला, ते मी बघितलं नाही असं म्हणेन, कारण बघवत नव्हतं. चूल पेटायची, दिवा लागायचा, एवढं दिसायचं. मला वाटलं, आता काही हा माझ्या दारात यायचा नाही. मी मनाशी ठरवलंही, या साली कूलर माळ्यावरच राहू दे.

पण शिमगा झाला आणि दुसऱ्या दिवशी दारात उभा. तीच मेणकापडी पिशवी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. कूलर काढला, गंज खरडला, गवत भरलं, मोटर ऐकली. आणि नेहमीसारखा तांब्या माझ्यापुढं केला. माझा हात वर होईना. चैत्रापासून मनात साचलेलं एकदाचं बाहेर पडलं.

"मिस्तरी, तिला तिथं मीच बसवलं होतं."

तो गवतावर हात फिरवत राहिला. कुठं काडी वर आलेली असेल ती आत खोचत.

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला. "पण मीच सांगितल्तं न्हाई कोणाला. म्हणलं, मिस्तरीच्या घरातच कूलर सोसत न्हाई असं कळलं, तर लोक कशाला बोलावतील? बारा वर्षं झाकून ठेवलं. एका शब्दाचं काम होतं वहिनी. तुम्ही तर मानानं बसवलं." मग तांब्या पुन्हा पुढं करून म्हणाला, "टाका पाणी. गवत वाळून राह्यलं."

मी पाणी ओतलं. त्यानं चुलीवरची खिडकी उघडी आहे ना, ते आत येऊन बघितलं. माझं ओझं हलकं करायला तो तसं बोलला, की खरंच त्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. दोन्ही असेल.

त्याच साली पाऊस पडायच्या आत तो खोली सोडून गेला. कुणी म्हणालं परत समुद्राकाठी गेला. खरं असेल. कोरड्या मुलखात राहायचं कारणच उरलं नव्हतं त्याला. मशीन तिथंच भिंतीत ठेवून गेला, पुढं घरमालकानं काढून टाकलं.

पण माझ्या डोळ्यांत तो राहिला तो त्या शिमग्याच्या दुसऱ्या दिवसाचा. आमचं शेवटचं घर होतं. काम संपलं, त्यानं हत्यारं पुसली, सदरा चिंब भिजलेला. मी सवयीनं पाठ केली आणि उभी राहिले, त्याला बदलता यावं म्हणून. उभी राहिले, उभी राहिले. दारामागं काही हालचाल नाही. वळून बघितलं तर खिळा रिकामा. बाहेर आले. तो गल्लीत पार पुढं गेला होता. ओला सदरा पाठीला चिकटलेला, टोकातून पाणी ठिबकतंय, आणि कोरड्या सदऱ्याची पिशवी तशीच खांद्याला. पानवाल्यानं मान वर केली, आणि काही न बोलता खाली घातली.

तेव्हापासून माझ्या घरात कुणी पाहुणी आली की बसवायच्या आधी मी विचारते, बाई, वारा सोसतो ना गं तुला? सुना हसतात. हसू दे.

तर आता तो एसीवाला नवीन मशीन बसवायला येईल, त्याला नाव विचार. पाणी दे. भिजला असेल तर पंचा दे आणि घरी कोण आहे ते विचार. सांगितलं तर सांगितलं. आणि तू स्वतः कधी येतेस ते कळव. चैत्रात गौर बसवते मी अजून, हात थरथरतात पण डाळ वाटता येते. अण्णांचा तो हिरवा डब्बा गंजून गेला, नवीन प्लॅस्टिकचा आणलाय तुझ्या मामानं, पण बसवलाय त्याच खिडकीत, आणि चुलीवरची खिडकी मी बंद होऊ दिलेली नाही. गॅसच्या ओट्याजवळ तुझ्यासाठी पाट मांडून ठेवते. वारा तिथंच येतो. फार वाट बघायला लावू नकोस, लवकर ये.